एक घटना, तीन लेख : कोलफॅक्स (लुईझियाना) येथील स्मारकलेखांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

रस्त्याच्या कडेला उभा असलेला ऐतिहासिक फलक हा इतिहासलेखनाचा सर्वांत लहान प्रकार होय. त्याला तळटीप नसते, पुराव्याचा निर्देश नसतो आणि मतभेदाला जागा नसते. दोन-तीन वाक्यांत तो निर्णय सांगतो. वाचणारा वाटसरू बहुधा त्या प्रदेशाचा अभ्यासक नसतो. त्यामुळे फलकावरील मजकूर हाच त्याच्या दृष्टीने त्या गावाचा इतिहास ठरतो. ग्रंथाची समीक्षा होते, नियतकालिकांतून त्यावर वाद झडतात. फलकाच्या मजकुराची समीक्षा मात्र क्वचितच होते. वस्तुतः शासनाच्या किंवा समाजाच्या नावाने सार्वजनिक जागी कोरलेला मजकूर अधिक काटेकोर चिकित्सेस पात्र असतो, कारण त्याला लेखक असूनही तो लेखकाविना बोलतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका लहान गावातील तीन स्मारकलेखांचे वाचन केले आहे. लुईझियाना राज्यातील कोलफॅक्स हे सुमारे दीड हजार वस्तीचे, रेड नदीकाठचे गाव. १३ एप्रिल १८७३ रोजी तेथे घडलेल्या एकाच घटनेविषयी १९२१, १९५० आणि २०२३ अशा तीन वर्षी तीन लेख उभारले गेले. तिन्ही लेखांत तारीख एकच, स्थळ एकच. परंतु मेलेली माणसे प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने मोजली गेली. हा फरक कसा घडला, तो कोणत्या शब्दांतून घडला आणि जुना लेख काढून नवा उभारल्याने प्रश्न सुटतो काय, या तीन मुद्द्यांचा येथे विचार केला आहे.

गाव आणि घटना

यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८६९ मध्ये, लुईझियानाच्या रिपब्लिकन शासनाने ग्रँट पॅरिश हा नवा जिल्हा निर्माण केला. (लुईझियानात जिल्ह्यास 'पॅरिश' म्हणतात.) जिल्ह्याला तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे आणि त्याच्या मुख्य ठिकाणाला उपराष्ट्राध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी ही जागा 'कॅल्हूनचा धक्का' म्हणून ओळखली जात असे. कॅल्हून घराण्याच्या विस्तीर्ण मळ्यावर शेकडो गुलाम राबत. त्या मळ्यावरील एक जुना तबेला दुरुस्त करून त्याचे न्यायालय करण्यात आले. कालपर्यंत जे गुलाम होते, तेच या जिल्ह्यात मतदार झाले. म्हणजे गावाचे नाव, जिल्ह्याचे नाव आणि न्यायालयाची इमारत या तिन्ही गोष्टी युद्धातील विजयाच्या राजकीय खुणा होत्या. हे लक्षात घेतले की पुढील संघर्ष न्यायालयाच्या इमारतीभोवतीच का पेटला, याचा उलगडा होतो.

१८७२ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन विल्यम पिट केलॉग आणि त्यांचे विरोधक जॉन मॅकेनरी या दोघांनीही आपण विजयी झाल्याचा दावा केला. परिणामी ग्रँट पॅरिशमध्ये न्यायाधीश व शेरीफ या पदांवर दोन-दोन दावेदार उभे राहिले. मार्च १८७३ च्या अखेरीस रिपब्लिकन पक्षाच्या अधिकाऱ्यांनी न्यायालयाचा ताबा घेतला. आसपासच्या गोऱ्यांची सशस्त्र जमवाजमव सुरू झाली. ५ एप्रिल रोजी जेसी मॅकिनी या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची हत्या झाली आणि भयभीत कुटुंबे न्यायालयाच्या आश्रयाला आली. तेथील कृष्णवर्णीय पुरुषांनी इमारतीभोवती चर खणून संरक्षणाची तयारी केली.

१३ एप्रिल हा ईस्टरचा रविवार होता. शेरीफपदाचा दुसरा दावेदार क्रिस्टोफर कोलंबस नॅश याच्या नेतृत्वाखाली घोडेस्वारांचे सशस्त्र पथक तोफेसह गावात आले. स्त्रिया व मुले यांना निघून जाण्यास अर्ध्या तासाची मुदत देण्यात आली. नंतर झालेल्या चकमकीत न्यायालयाच्या छताला आग लावण्यात आली. आत अडकलेल्यांनी शरणागती पत्करली. पळणाऱ्या अनेकांना गाठून मारण्यात आले आणि जे कैदी म्हणून पकडले गेले त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याच रात्री गोळ्या घालण्यात आल्या. न्यू ऑर्लीन्सहून पाठविलेले अधिकारी १५ एप्रिलला पोहोचले तेव्हा प्रेते उघड्यावरच पडली होती. हल्लेखोरांपैकी तिघे मरण पावले. कृष्णवर्णीय मृतांची संख्या मात्र आजही वादाचा विषय आहे. १८७५ मध्ये काँग्रेसला सादर झालेल्या लष्करी अहवालात ८१ मृतांची नावे दिली असून नदीत टाकलेली व गुपचूप पुरलेली प्रेते धरून एकूण संख्या किमान १०५ मानली आहे. चार्ल्स लेन यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात ती ६२ ते ८१ च्या दरम्यान ठरविली. आकडा कोणताही स्वीकारला तरी पुनर्रचनेच्या काळातील ही सर्वाधिक रक्तरंजित वांशिक हत्या होय, या एरिक फोनर यांच्या मताला बाध येत नाही.

न्यायालयाने न पाहिलेला हेतू

स्मारकलेखांकडे वळण्यापूर्वी या घटनेच्या न्यायालयीन वाटचालीचा परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण पहिल्या स्मारकलेखाचा खरा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही. न्यू ऑर्लीन्सचे संघीय सरकारी वकील जे. आर. बेकविथ यांनी १८७० च्या अंमलबजावणी कायद्याखाली नव्वदहून अधिक जणांवर आरोप ठेवले. प्रत्यक्ष खटला नऊ जणांवर चालला. १८७४ मध्ये दोन वेळा सुनावणी होऊन अखेर तिघे दोषी ठरले, तेही खुनाबद्दल नसून कटाबद्दल. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ मार्च १८७६ रोजी 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक' या निकालात सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी असे प्रतिपादन केले की, चौदावी घटनादुरुस्ती राज्यांच्या कृतीला मर्यादा घालते, खासगी व्यक्तींच्या कृतीला नाही. शिवाय आरोपपत्रातील काही कलमांबाबत न्यायालयाने असे म्हटले की, वंश हेच वैराचे कारण असावे असा संशय घेता येईल, परंतु आरोपपत्रात तसे स्पष्ट म्हटलेले नाही. आरोपी सुटले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांवरील संघटित हिंसेविरुद्ध संघराज्याच्या हाती असलेले प्रमुख कायदेशीर साधन या निकालाने बोथट केले.

निकालातील हा 'संशय' पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला जो हेतू कागदावर आढळला नाही, तो पंचेचाळीस वर्षांनी कोलफॅक्सच्या दफनभूमीत संगमरवरावर कोरला गेला.

पहिला लेख : १९२१ चा स्तंभ

१३ एप्रिल १९२१ रोजी, म्हणजे घटनेच्या अठ्ठेचाळिसाव्या वार्षिक दिनी, गावच्या दफनभूमीत संगमरवरी स्तंभ उभारण्यात आला. त्यावर स्टीफन डिकेटर पॅरिश, जेम्स वेस्ट हॅडनॉट आणि सिडनी हॅरिस या तीन गोऱ्या मृतांची नावे आहेत. त्यांना 'वीर' म्हटले आहे. ते 'कोलफॅक्सच्या दंगलीत' गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले, असा त्या लेखाचा आशय आहे.

या लेखाची पहिली विशेषता म्हणजे त्याचा निःसंकोचपणा. लेखकाला आपला हेतू लपविण्याची गरज भासलेली नाही. १९२१ मध्ये तशी गरज उरलीही नव्हती. लुईझियानाच्या १८९८ च्या राज्यघटनेने साक्षरता, मालमत्ता आणि आजोबांच्या मताधिकाराची अट यांच्या साहाय्याने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपविला होता. १८९६ मध्ये राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ मध्ये ती १,३४२ वर आली. न्यायालय गेले, मत गेले, ज्यूरीतील आसन गेले. ज्यांच्याकडून आक्षेप येऊ शकला असता, त्यांचा सार्वजनिक आवाजच उरला नव्हता. विजयाचा लेख विजय पूर्ण झाल्यानंतरच इतका निर्धास्त लिहिला जातो.

दुसरी विशेषता अधिक बोलकी आहे. या लेखात कृष्णवर्णीय मृतांचा उल्लेखच नाही. लढाई आहे, वीर आहेत, ध्येय आहे. परंतु प्रतिपक्ष नाही. 'दंगल' या शब्दाने प्रतिपक्षाचे अस्तित्व केवळ सूचित होते. वीररसाला प्रतिस्पर्धी लागतो, असा साहित्यशास्त्राचा दंडक आहे. येथे प्रतिस्पर्ध्याचे वर्णन केले असते तर ती माणसे शरण आलेली होती, हे सांगावे लागले असते आणि वीरत्वाची कल्पनाच कोसळली असती. म्हणून या लेखातील मौन हा अनवधानाचा दोष मानता येत नाही; तो रचनेचा आधार आहे. त्यातच इतिहासकारांनी या तिघांपैकी काहींना स्वतःच्याच पक्षाच्या गोळ्या लागल्या असण्याची शक्यता नमूद केली आहे. तसे असल्यास स्तंभावरील 'वीर' हा शब्द आणखीच पोकळ ठरतो.

तथापि एका अर्थी हा लेख प्रामाणिक आहे. न्यायालयाला जो हेतू आरोपपत्रात दिसला नाही, तो या स्तंभाने स्वतः होऊन कबूल केला. इतिहासाच्या अभ्यासकाला हा कबुलीजबाब नंतरच्या अनेक सौम्य दस्तऐवजांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दुसरा लेख : १९५० चा फलक

१९५० मध्ये लुईझियाना राज्याच्या वाणिज्य व उद्योग विभागाने न्यायालयाजवळ धातूचा फलक उभारला. आपण 'कोलफॅक्स दंगली'च्या स्थळी आहोत. या दंगलीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले. १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतील 'कार्पेटबॅग' कारभाराच्या अनागोंदीचा शेवट झाला, असा त्याचा आशय होता.

फलक कोणी उभारला, हे आधी पाहिले पाहिजे. तो राज्याच्या अभिलेखागाराचा किंवा विद्यापीठाचा नव्हता. व्यापारउदीम वाढविणाऱ्या खात्याचा होता. महायुद्धानंतर मोटारीने प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली आणि रस्त्यालगतचा इतिहास हा पर्यटनाचा माल झाला. मालाला लेबल हवे असते आणि लेबलावर शंका लिहिली जात नाही. त्यामुळे फलकाची भाषा शासकीय, आटोपशीर आणि निर्विकार आहे. १९२१ च्या स्तंभावरील वांशिक वर्चस्वाचे शब्द येथे नाहीत. त्यांची जागा 'अनागोंदीचा शेवट' या प्रशासकीय शब्दप्रयोगाने घेतली आहे. वाचणाऱ्याला असे वाटावे की प्रश्न वंशाचा नव्हताच, सुशासनाचा होता.

येथेच दुसरा लेख पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. स्तंभाचा वाचक त्याच्या लेखकाशी असहमत होऊ शकतो, कारण लेखकाची बाजू उघड आहे. फलकाच्या वाचकाला बाजूच दिसत नाही. त्याला केवळ माहिती मिळाल्यासारखे वाटते. 'कार्पेटबॅग' हा शब्द मुळात हेटाळणीचा. सतरंजीच्या कापडाच्या पिशवीत सारा संसार भरून दक्षिणेत आलेल्या उत्तरेकडील लोकांना तो लावला जाई. शासकीय फलकावर कोरला गेल्यावर तो पारिभाषिक संज्ञेसारखा भासू लागला. या भाषेमागे विद्यापीठीय इतिहासलेखनाचीही परंपरा होती. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचनेचा काळ हा भ्रष्टाचाराचा व अतिरेकाचा काळ म्हणून रंगविला होता. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' या ग्रंथात या मांडणीचा सविस्तर प्रतिवाद केला. परंतु पंधरा वर्षांनंतरही फलकाच्या लेखकापर्यंत तो पोहोचला नाही, किंवा त्याने तो दूर ठेवला.

तपशिलाच्या कसोटीवरही फलक टिकत नाही. केलॉग १८७३ नंतरही राज्यपालपदावर राहिले. लुईझियानातील रिपब्लिकन सत्ता १८७७ मध्ये, संघीय सैन्य मागे घेतल्यावर संपली. म्हणजे या घटनेने कोणत्याही कारभाराचा 'शेवट' त्या दिवशी झाला नाही. मात्र या चुकीच्या विधानात एक सत्य अनवधानाने शिरले आहे. शेवट मतपेटीने झाला नाही, हत्येने सुरू झाला, हेच फलक सांगून जातो. ग्रँट पॅरिशमधील हल्लेखोरांमधूनच १८७४ मध्ये 'व्हाइट लीग' या सशस्त्र संघटनेची सुरुवात झाली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला न्यू ऑर्लीन्समध्ये या संघटनेने राज्यशासनाविरुद्ध सशस्त्र उठाव केला. फलकाने अभिमानाने जोडलेला कार्यकारणसंबंध इतिहासकार आरोप म्हणून जोडतात. शब्द तेच राहतात, मूल्य उलटते.

'दंगल' हा शब्द आणि तीनास दीडशे हे प्रमाण

फलकातील सर्वांत मोठी विसंगती त्याच्या दुसऱ्याच विधानात आहे. तीन विरुद्ध दीडशे. हे प्रमाण लिहिणाऱ्याने त्याच वाक्यात घटनेला 'दंगल' म्हणावे, हे आश्चर्यकारक आहे. दंगलीत दोन्ही बाजू बेभान असतात, हानी कमीअधिक परस्परांची असते आणि दोष विभागला जातो. दीडशे माणसे मरावीत आणि मारणाऱ्यांपैकी तिघे, हे दंगलीचे अंकगणित नव्हे. शिवाय फलकाने दिलेला दीडशेचा आकडा नंतरच्या संशोधकांच्या अंदाजांहून मोठा आहे. सामान्यतः गुन्हा लपविणारा आकडा कमी करून सांगतो. येथे तो फुगविला गेला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की लेखकाला तो गुन्हा वाटतच नव्हता. तो पराक्रमाचा हिशेब होता.

'रायट' या इंग्रजी शब्दाचा हा उपयोग मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. त्याच दशकात, मे १८७५ मध्ये, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जखते हिसकावून जाळली, तेव्हा इंग्रजी दप्तराने त्यास 'डेक्कन रायट्स' असे नाव दिले आणि मराठीत 'दख्खनचे दंगे' हा शब्द रूढ झाला. पुढील इतिहासलेखनाने 'उठाव' हा शब्द पुढे आणला. दोन्ही घटनांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. एकीकडे कर्जखतांची होळी, दुसरीकडे माणसांची हत्या. तरीही दोन्ही ठिकाणी सत्तेने एकच शब्द वापरला, कारण तो शब्द 'का' हा प्रश्न विचारू देत नाही. नाव देणे हा अर्थनिर्णयाचा पहिला टप्पा असतो, एवढे या साम्यावरून ध्यानात येते.

तिसरा लेख : २०२३ ची नामशिळा

१५ मे २०२१ रोजी १९५० चा फलक हटविण्यात आला. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या दोघांपैकी एक हल्लेखोरांपैकी एकाचा वंशज होता, तर दुसरा जेसी मॅकिनीच्या कुळातील. या दोघांच्या प्रयत्नांतून १३ एप्रिल २०२३ रोजी, घटनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, गावात ग्रॅनाइटचे नवे स्मारक उघडण्यात आले. त्यावर ५७ मृतांची नावे आहेत. 'दंगल' हा शब्द मागे पडून 'हत्याकांड' हा शब्द आला.

तिन्ही लेख एकत्र ठेवले म्हणजे मृतांच्या उल्लेखाचा प्रवास स्पष्ट होतो. पहिल्या लेखात ते शून्य आहेत. दुसऱ्यात ते संख्या आहेत. तिसऱ्यात त्यांना नाव आहे. उल्लेखाचा अभाव माणसाला इतिहासाबाहेर ठेवतो. संख्या त्याला इतिहासात आणते, पण ढिगाच्या रूपाने. नाव मिळाल्यावरच तो कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी पती, कुणाचा तरी पूर्वज होतो. नामावलीचे स्मारक भावनेला आवाहन करते एवढेच त्याचे कार्य नाही. नाव पडताळून पाहता येते. वंशज शोधता येतात, जनगणनेच्या नोंदी लावता येतात, साक्षी ताडून पाहता येतात. 'दीडशे निग्रो' या शब्दांची पडताळणी करता येत नव्हती. त्या दृष्टीने तिसरा लेख नैतिकदृष्ट्या अधिक योग्य तर आहेच, शिवाय तो पद्धतीच्या दृष्टीनेही अधिक चांगला इतिहास आहे.

तरीही त्याची चिकित्सा टाळता येत नाही. १८७५ च्या अहवालात ८१ नावे होती. २०२३ च्या शिळेवर ५७ आहेत. शिळेवरील यादी म्हणूनच अंतिम मानता येत नाही, परंतु दगडाचा स्वभाव अंतिमतेचा असतो. जे चरात पुरले गेले, जे नदीत गेले, त्यांच्यासाठी नामावलीत स्वाभाविकपणे जागा राहत नाही. नावांचा आग्रह धरणारे स्मारक अनामिकांना दुसऱ्यांदा वगळण्याचा धोका पत्करते. यावर उपाय शिळेत नाही. तो शाळेत, ग्रंथालयात आणि अभिलेखागारात आहे. दुसरी मर्यादा नामावली या प्रकारातच अंतर्भूत आहे. नामावली कोण मेले ते सांगते. ते कशासाठी मेले आणि त्यानंतर कायद्याने काय केले, हे तिच्या स्वरूपातून आपोआप कळत नाही. कोलफॅक्सचा परिणाम गावापुरता राहिला नाही. क्रुकशँक निकालाद्वारे तो संपूर्ण दक्षिणेवर झाला. त्यामुळे या गावातील स्थानिक वारसा हा देशाच्या घटनात्मक इतिहासाचाही भाग आहे.

काढून टाकलेल्या फलकाचे काय?

१९५० चा फलक हटविला गेला हे योग्यच झाले. न्यायालयासमोर, शासनाच्या नावाने, हत्येचे समर्थन उभे राहावे आणि तेही बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या गावात, याला कोणताही बचाव नाही. प्रत्येक खटल्यासाठी, प्रत्येक दस्तासाठी न्यायालयात येणाऱ्या नागरिकाला सत्तर वर्षे तो फलक वाचावा लागला. 'फलक हटविणे म्हणजे इतिहास पुसणे' हा आक्षेप येथे लागू पडत नाही, कारण तो फलक हेच पुसण्याचे साधन होते.

परंतु फलक हटविणे आणि फलक नाहीसा होणे यांत फरक केला पाहिजे. १८७३ ची घटना हा एक इतिहास आहे. तिचे सत्तर वर्षे विकृत रूप शिकविले गेले, हा दुसरा इतिहास आहे. पहिल्याची साक्ष अहवालांत व साक्षीजबाबांत आहे. दुसऱ्याची सर्वांत ठोस साक्ष तो धातूचा तुकडाच आहे. मिसिसिपी राज्यातील अनुभव या संदर्भात मार्गदर्शक ठरतो. १९५५ मध्ये हत्या झालेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या स्मरणार्थ टॅलहॅची नदीकाठी २००८ मध्ये लावलेला फलक चोरीस गेला. त्यानंतरचे फलक गोळ्यांनी चाळण झाले. २०१९ मध्ये तेथे गोळीला न जुमानणारा फलक उभारावा लागला. गोळ्यांनी छिद्रे पडलेला एक फलक २०२१ मध्ये वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात मांडण्यात आला. तेथे तो १९५५ ची घटना तर सांगतोच, शिवाय तिच्या स्मरणालाही एकविसाव्या शतकात होत असलेल्या विरोधाची कथा सांगतो. फलकावरील छिद्रे हाही मजकूर होतो. न्यू ऑर्लीन्समध्ये व्हाइट लीगच्या उठावाचे १८९१ मधील स्मारक, ज्यावर १९३२ मध्ये वर्णवर्चस्वाचा गौरव करणारा मजकूर जोडण्यात आला होता, ते २०१७ मध्ये हटविण्यात आले. अशा वस्तूंची योग्य जागा चौकात नाही, ती अभ्यासाच्या दालनात आहे, जेथे त्यांच्याशेजारी त्यांचा लेखक, त्यांचे साल आणि त्यांचा हेतू लिहिलेला असेल.

या दृष्टीने दफनभूमीतील १९२१ च्या स्तंभाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२३ चे स्मारक उभे राहिले तेव्हाही तो जागेवर होता. तो थडग्यांच्या परिसरात आहे, शासकीय दारासमोर नाही. त्याची भाषा अधिक हीन आहे, पण तिच्यात कबुली आहे. त्याच्या जवळ १८७६ च्या निकालातील 'संशया'चे विधान आणि २०२३ ची नामावली यांचा निर्देश करणारा एक साधा फलक लावला गेला, तर तीन काळांचे तीन दस्तऐवज परस्परांची साक्ष काढतील. नुसता स्तंभ तसाच ठेवणे म्हणजे अभिमान कायम ठेवणे होय. नुसता काढणे म्हणजे कबुली हरविणे होय.

१८७३ : एक मराठी संदर्भ

मराठी वाचकाला १८७३ हे साल दुसऱ्या कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. फुल्यांनी आपला ग्रंथ निग्रो लोकांना गुलामगिरीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, ही बाब सर्वश्रुत आहे. कोलफॅक्सचे हत्याकांड आणि हा ग्रंथ यांच्यात अवघ्या काही आठवड्यांचे अंतर आहे.

या कालसाम्याचा अर्थ फुल्यांची कृतज्ञता अस्थानी होती असा नाही. गुलामगिरीचे कायदेशीर उच्चाटन ही मानवी इतिहासातील थोर घटनाच होती आणि शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी तिचा दाखला देणे सर्वथा उचित होते. मात्र कायद्याने मिळालेली मुक्ती आणि गावाच्या वेशीत प्रत्यक्ष अनुभवास येणारी मुक्ती यांत केवढे अंतर असू शकते, याचा पुरावा त्याच वर्षी रेड नदीच्या काठी तयार होत होता. कायदा न पुरेसा ठरण्याचे भान फुल्यांच्या स्वतःच्या विचारातही आहे. शिक्षण, इतिहास आणि धर्मग्रंथ यांच्या चिकित्सेवर त्यांनी दिलेला भर हेच दर्शवितो. प्रस्थापितांनी लिहिलेल्या कथांचे उलट बाजूने वाचन करणे ही 'गुलामगिरी'ची पद्धतच आहे. कोलफॅक्सच्या फलकाला तीच पद्धत लावली असता फलक स्वतःविरुद्ध साक्ष देतो, हे वर दिसून आलेच आहे.

समारोप

कोलफॅक्समधील तीन स्मारकलेखांच्या वाचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. पहिला, स्मारकलेख घटनेच्या काळापेक्षा आपल्या उभारणीच्या काळाविषयी अधिक सांगतो. १९२१ चा स्तंभ मताधिकार हिरावल्यानंतरची निर्धास्तता दाखवितो, १९५० चा फलक पर्यटनाच्या भाषेत लपलेली तीच भूमिका दाखवितो. दुसरा, तटस्थ वाटणारी शासकीय भाषा उघड पक्षपाती भाषेपेक्षा अधिक काळ टिकते, कारण तिच्याविरुद्ध बोलण्यास वाचकाला धरायला काही सापडत नाही. तिसरा, मृतांची नावे नोंदविणे ही श्रद्धांजली तर आहेच, शिवाय ती पुरावा उभा करण्याची रीत आहे. मात्र यादी खुली ठेवण्याची व्यवस्था तिच्यासोबत असली पाहिजे. चौथा, चुकीचा फलक सार्वजनिक जागेवरून हलविणे आवश्यक असले तरी दस्तऐवज म्हणून त्याचे जतन करणे तितकेच आवश्यक आहे.

इतिहासाच्या व साहित्याच्या अध्यापकांना या प्रकरणातून अध्यापनाचे एक साधनही मिळते. विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही एक स्मृतिफलक घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत : तो कोणी लावला, केव्हा लावला, कोणाची नावे आहेत आणि कोणाची केवळ संख्या आहे. फलक लहान असतो, म्हणून हा अभ्यास एका तासात होऊ शकतो. कोलफॅक्समध्ये तो अभ्यास सार्वजनिकरीत्या व्हायला दीडशे वर्षे लागली, आणि अखेर तो मारणाऱ्याच्या व मारल्या गेलेल्याच्या वंशजांनी एकत्र बसून केला.